नवा भाग त्याने सोडला नव्हता

“शेवटच्या वर्षात आमच्या मित्राने मालिकेतला नवा भाग अर्ध्यावर ठेवला आणि तो तिसऱ्या भागाकडे, आपल्या बालपणाच्या भागाकडे परतला. लढाई त्याने मनातून केव्हाच संपवली होती. थकलेला माणूस संध्याकाळी जशी घराची वाट धरतो, तसा तो शांतपणे, हसतमुखाने आपल्या पहिल्या घरी गेला.”

हा मजकूर माझ्या मुलाविषयी आहे. व्हिडिओ गेमची एक मालिका खेळणाऱ्या त्याच्या खेळगड्यांचा एक गट आहे. त्या गटाच्या प्रमुखाने वर्षश्राद्धाच्या दिवशी तो गटाच्या पानावर लिहिला आणि ज्याच्या हातात फोन आहे त्या प्रत्येकाने तो वाचला. खाली हात जोडल्याच्या चिन्हांची रांग लागली आहे. माझ्या भाच्याने तो आमच्या घराण्याच्या समूहातही टाकला, म्हणजे आता तो घराण्याचाही मजकूर झाला.

मी उभी हयात दिवाणी न्यायालयात शिरस्तेदार म्हणून काढली. साक्षीदार खोटे बोलू लागला की मला कधी राग आला नाही. तो सुंदर बोलू लागला की मात्र मी मान वर करून पाहत असे. वरच्या तीन वाक्यांत एकही शब्द दुष्टपणाने लिहिलेला नाही, हे मी मान्य करतो. एकही शब्द खरा नाही, हे मी सिद्ध करणार आहे.

हा उपद्व्याप या वयात कशासाठी, असे मला विचारले जाते. उत्तर आमच्याच घरात, जेसल पार्कच्या सदनिकेत, माझ्या खोलीच्या पलीकडच्या खोलीत राहते. माझी सून नोकरी करते. मुलाच्या आजारात घर तिच्याच पगारावर चालले. तिने तो मजकूर कामावरून येताना वाचला, चप्पल न काढता दारातच उभी राहिली आणि मला म्हणाली,

“बाबा, ह्यांनी सोडून दिलं होतं?”

“कोण म्हणतं?”

“सगळेच. आणि इतकं चांगलं लिहिलंय, खरंच असणार.”

“चांगलं लिहिलंय म्हणून खरं?”

“मग मला का नाही सांगितलं? मी रोज डबा भरून द्यायचे, आल्यावर कसं वाटतंय म्हणून विचारायचे. हे बरं वाटतंय म्हणायचे. आणि हा माणूस मनातून कधीच निघून गेला होता?”

त्या दिवसापासून त्याचे छायाचित्र बैठकीत नाही. ते तिच्या खोलीत, कपाटावर, भिंतीकडे तोंड करून ठेवलेले मी पाहिले आहे. नवरा वारला ही एक गोष्ट आणि नवरा सोडून गेला ही दुसरी. गटप्रमुखाच्या तीन वाक्यांनी माझ्या सुनेला पहिलीतून उचलून दुसरीत नेऊन बसवले आहे. ही मालिका कोणाला किती प्रिय आहे याच्याशी मला कर्तव्य नाही. तिला पुन्हा पहिलीत आणणे एवढ्याशीच मला कर्तव्य आहे.

आता मालिकेविषयी, कारण आरोपच मालिकेच्या भाषेत केलेला आहे, तेव्हा उत्तरही त्याच भाषेत द्यावे लागेल.

जपानात तयार होणारे हे खेळ माझा मुलगा शाळेत होता तेव्हापासून निघत आहेत आणि अजून निघत आहेत. प्रत्येक भागात देश निराळा, माणसे निराळी. परंतु हाडे तीच. चारपाच सोबती असतात. कोणीतरी त्यांच्या गळ्यात एक कामगिरी बांधतो. ते चालतात, राक्षसांशी लढतात, लढून अनुभव मिळवतात, सरायांत मुक्काम करतात, आणि शेवटी ज्याने जग नासवले त्याच्यासमोर उभे राहतात. माझ्या मुलाने स्थानकाजवळच्या दुकानातून तिसऱ्या भागाची तबकडी आणली तेव्हा मी तिला पोरखेळ म्हटले होते. मालिकेच्या तीनचतुर्थांश भागाविषयी माझे मत आजही तेच आहे.

उदाहरणार्थ, आठवा भाग. गटातील मंडळी आठव्याला मुकुटमणी मानतात. मी तो मुलाच्या खुर्चीशेजारी बसून आरंभापासून अखेरपर्यंत पाहिला आहे आणि माझे मत असे, की आठव्यात माणसे लढण्यापेक्षा रडतात जास्त. एकाला आपली आई कोण ते ठाऊक नाही, दुसऱ्याला आपण स्वतः कोण ते ठाऊक नाही, आणि हे सर्व ते राक्षस समोर ताटकळत उभा असताना एकमेकांना सांगत बसतात. संगीत चांगले आहे. तेवढे मी देतो.

तिसऱ्या भागाविषयी मात्र मी कोणाचेही काही ऐकून घेणार नाही. त्याला ‘बालपणाचा भाग’, ‘पहिले घर’ असे म्हणणाऱ्याने तो शाळेत असताना खेळला असेल आणि त्यानंतर केवळ आठवला असेल. तिसऱ्यात चित्रे ओबडधोबड आहेत म्हणून तो सौम्य वाटतो. प्रत्यक्षात इतका निर्दय भाग मालिकेत दुसरा नाही. झालेला प्रवास जतन करण्याची सोय फक्त सराईत. सराई सोडून निघालात आणि वाटेत मेलात, तर सराईपासूनचे सर्व गेले: मिळवलेला अनुभव, उघडलेल्या वाटा, सारे. नव्या भागात खेळ स्वतःच पावलोपावली जतन करत राहतो. मेलात तर दोन पावले मागून उठता, कपडेसुद्धा मळत नाहीत. आमच्या वाडवडिलांची मिठागरे होती. भरतीचे पाणी एका कोंडीतून दुसऱ्या कोंडीत घ्यायचे, उन्हाला आपले काम करू द्यायचे, आणि जो घाई करील त्याच्या पदरात कडू मीठ. मधे अवकाळी सर आली तर सगळे पुन्हा पहिल्यापासून. तिसरा भाग मला प्रथमदर्शनीच कळला तो यामुळे. थकलेला माणूस विसाव्याला जाईल अशी ती जागा नव्हे.

मग मुलगा तिसऱ्याकडे गेला, तो का? तो गेला हे खरे आहे. कारण मात्र त्याच्या डाव्या हातात होते.

त्याची मूत्रपिंडे निकामी झाली तेव्हा डॉक्टरांनी त्याच्या डाव्या हाताच्या दोन रक्तवाहिन्या जोडून एक फुगीर शीर तयार केली. डायलिसिसच्या दिवशी तीत दोन जाड सुया टोचायच्या. एकीतून रक्त यंत्रात जाते, दुसरीतून परत येते. मंगळवार, गुरुवार, शनिवार. डायलिसिसचे केंद्र हाटकेशला, गाळ्यांच्या रांगेवर पहिल्या मजल्यावर होते. खाली स्टीलच्या डब्यांची झाकणे ठोकणारा कारखाना. त्याचा ठोका जमिनीतून खुर्चीत येई. वर बर्फाचा खडा चघळत तहान मारणारी माणसे ओळीने पडलेली. सुया असेपर्यंत डावा हात हलवायचा नाही. एकदा हलला तेव्हा कोपरापर्यंत काळेनिळे झाले आणि सिस्टर मलाच रागावली, “अंकल, आप बैठे थे ना?”

मी बसलेलाच असे. सून कामावर, मी निवृत्त. तेव्हा रिक्षाने नेणे, आणणे आणि मधले तास ही माझी नेमणूक होती.

नवा भाग त्याच सुमारास निघाला होता आणि मुलाने घरी तो अर्ध्यापर्यंत नेला होता. नव्या भागात आणि तिसऱ्यात जो मूलभूत भेद आहे, तो चित्रांचा नव्हे. तिसऱ्यात पाळी असते. तुम्ही वार करता, मग राक्षस करतो, मग पुन्हा तुमची पाळी. आणि तुमची पाळी आली की राक्षस वाट पाहतो. तुम्ही खोकून घ्या, डोळे मिटून पडा, सिस्टरला रक्तदाब मोजू द्या, तो उभाच. एका अंगठ्यावर हा भाग पार करता येतो. नव्यात पाळी नाही. राक्षस कोणासाठी थांबत नाही. उजव्या हाताने तलवार चालवायची, त्याच क्षणी डाव्या हाताने पळायचे आणि ढाल उचलायची. ज्याचा एक हात बांधलेला आहे त्याला नवा भाग खेळता येत नाही, आणि आठवडाभरात ज्या तासांत मुलाच्या अंगात बळ असे ते तास त्या खुर्चीतलेच होते. घरी आल्यावर तो भिंतीला धरून पलंगापर्यंत जाई. माझा मुलगा तिसऱ्या भागाकडे गेला तो एका हाताने जे लढता येत होते ते लढण्यासाठी. ‘लढाई संपवली होती’ या वाक्याचा निकाल येथेच लागतो.

परंतु प्रतिपक्षाचे म्हणणे एवढ्यावर थांबत नाही. ‘नवा भाग अर्ध्यावर ठेवला’ हे त्यांचे मुख्य वाक्य आहे आणि त्यांच्यापाशी पुरावा आहे. तो पुरावा कसा निर्माण झाला ते सांगतो.

तिसरा भाग संपला. एका शनिवारी मुलाने खेळाचे यंत्र खुर्चीसमोरच्या जेवणाच्या फळीवर उभे केले. या यंत्राच्या दोन्ही बाजू, म्हणजे कळांच्या मुठी, सुट्या निघतात. त्याने उजवी मूठ आपल्या उजव्या हातात घेतली आणि डावी काढून माझ्यापुढे धरली.

“धरा, बाबा.”

“मला काय कळतंय यातलं?”

“आठव्याला नावं ठेवताना सगळं कळतं. धरा. अंगठ्यानं चालायचं, वरच्या कळीनं ढाल. बाकी माझं.”

अशा रीतीने आम्ही नवा भाग सुरू केला, एका माणसाचा उजवा हात आणि दुसऱ्याचा डावा. हे लिहिणे सोपे आहे. प्रत्यक्षात पहिले कित्येक दिवस आमचा वीर भिंतींना धडका देत फिरला. मुलगा तलवार उगारी तेव्हा मी त्याला उलट दिशेला चालवत असे.

“बाबा, ढाल!”

“उचलली की.”

“तो मारून गेल्यावर उचलून काय उपयोग? प्रेताला पांघरूण घालताय का?”

शेजारच्या खुर्चीत एक गुजराती गृहस्थ असत, फरसाणवाले. त्यांचा रक्तदाब आमच्यामुळे वर जातो अशी त्यांची तक्रार होती. ते पडल्या पडल्या ओरडत, “भाई, पप्पा बदली नाखो!”

“वॉरंटी संपलीय, शेठ,” मुलगा म्हणे. “कोणी बदलून देत नाही.”

फरसाणवाले एका गुरुवारी आले नाहीत. पुढच्या मंगळवारी त्यांच्या खुर्चीत दुसरा माणूस होता. त्या दिवशी मी ढाल बरीच वेळेवर उचलली.

आता पुराव्याची गोष्ट. या गटाचा एक नियम आहे: दुसऱ्याच्या हाताने एक कळ जरी दाबली गेली, तरी तो भाग आपला म्हणून मिरवायचा नाही. एका सभासदाने कठीण लढाई धाकट्या भावाकडून जिंकून घेतली होती, तेव्हा हा नियम झाला. आणि तो व्हावा म्हणून सर्वांत जास्त भांडला तो माझा मुलगा. तो माझाच मुलगा. तेव्हा आमचे दोघांचे खेळणे त्याने आपल्या नावावर चढवले नाही. त्याने यंत्रात नवे खाते उघडले, त्याला ‘बाबा’ असे नाव दिले आणि भाग पहिल्यापासून काढला. त्याच्या स्वतःच्या नावावर नवा भाग जेथे होता तेथेच, अर्ध्यावर, राहिला. गटातल्या प्रत्येकाला फोनवर दिसत होते ते हे अर्ध्यावर थांबलेले खाते. त्याच्या प्रामाणिकपणाला त्यांनी त्याची शरणागती समजले.

तो एका सोमवारी गेला. शनिवार ते मंगळवार हा डायलिसिसमधला सर्वांत लांब खंड असतो. अशा खंडात हृदय दगा देते, असे डॉक्टर म्हणाले. सकाळची वेळ होती. सून डबा भरत होती.

दशक्रियेला खाडीकाठी गटप्रमुख आपल्या मंडळींसह आला होता. पिंड ठेवले आणि कावळा शिवेना. पलीकडे कांदळवनात कावळे होते, येत नव्हते. प्रत्येकाने काही ना काही वचन दिले. सुनेची काळजी घेऊ. बाबांची काळजी घेऊ. कावळा हलेना. घोडबंदरला दिलेली माझी थोरली बहीण मग उभी राहिली आणि त्या गटाकडे हात करून मोठ्याने म्हणाली, “पोराचा जीव त्या खेलान अडकला हाय, दुसरा काय न्हाय. सांगा रे कुनीतरी, पुरा करतो म्हनून.”

गटप्रमुख पुढे झाला, वाकला, हात जोडून म्हणाला, “भाई, तुझा नवा भाग आम्ही पूर्ण करू.” तो मागे सरकला आणि कावळा आला.

ही घटना आता आमच्या नातलगांत पुराणासारखी सांगितली जाते. मी तेथे सर्वांत पुढे बसलो होतो. कावळा आला तो माणूस मागे सरकल्यामुळे. पिंडावर वाकून उभ्या असलेल्या धिप्पाड माणसाजवळ कोणताही कावळा येत नसतो. हे कळण्यासाठी शास्त्र नको, डोळे पुरेत. परंतु गटप्रमुखाने वचन पाळले. यंत्र नेले, माझ्या मुलाचे अर्धे खाते आपल्या मंडळींकरवी शेवटापर्यंत नेले आणि यंत्र हार घालून परत आणून दिले. वर्षश्राद्धाचा मजकूर हा त्या सत्कार्याचा समारोप होता: मित्राने सोडलेले आम्ही पूर्ण केले.

मजकूर वाचल्यानंतर मी त्याच्या दुकानात गेलो. तो हाटकेशलाच मोबाइलची कव्हरे आणि काचा बसवण्याचे दुकान चालवतो. चाळिशीचा माणूस, मला पाहताच स्टूल पुसून दिले, चहा सांगितला. मी उभा राहिलो.

“तो मजकूर काढून टाक.”

“अंकल, वाईट काय लिहिलंय त्यात? श्रद्धांजली आहे. लोक रडले.”

“लोक रडले म्हणून तो खोटा आहे हे बदलत नाही.”

“खोटं नाही ना अंकल. रेकॉर्ड दिसतोय. त्याचा नवा पार्ट फिफ्टी पर्सेंटवर वर्षभर पडून होता. आम्ही पूर्ण केला.”

“तुम्ही पूर्ण केला? दुसऱ्याच्या हातानं कळ दाबली तर तो भाग त्याचा नाही, हा नियम कोणाचा?”

तो थोडा गोंधळला. “तो श्रद्धेचा विषय आहे, अंकल. तिथे रूल नाही लावत.”

“बरं. मग आम्ही दोघं खेळलो तिथे का लावता? ‘बाबा’ नावाचं खातं पाहिलंस की नाही?”

“पाहिलं. पण ते टेक्निकली तुमचं झालं ना. असं कसं समजायचं की तो खेळत होता? मला वाटलं तुम्हीच टाइमपास करताय.”

या ‘टाइमपास’वर मी जे बोललो ते येथे देत नाही. काचा बसवून घ्यायला आलेले एक दांपत्य दुकानाबाहेर जाऊन उभे राहिले. मी त्याला सुयांची हकिगत सांगितली, डाव्या हाताची सांगितली, सुट्या मुठींची सांगितली. त्याने ते सर्व नीट ऐकून घेतले, हे मी त्याच्या बाजूने नमूद करतो. मग तो हळूच म्हणाला,

“अंकल, राग मानू नका. शेवटच्या महिन्यात मी भेटायला आलो होतो. तेव्हा हाताची शीर बंद पडली होती ना? मानेतून पाइप टाकली होती.”

“होती.”

“म्हणजे दोन्ही हात मोकळे होते. मग त्याने स्वतःचा पार्ट परत का नाही उघडला? मी काचेतून बघितलं. तो डोळे मिटून पडला होता. मोकळा होता, अंकल, तरी नाही खेळला. ह्यालाच सोडून देणं म्हणतात ना?”

मी दुकानातून बाहेर पडलो. नंतर गटात असे सांगितले गेले की अंकलकडे उत्तर नव्हते. सुनेपर्यंतही ते पोहोचले, तिने जेवताना मान वर न करता विचारले, “दोन्ही हात मोकळे होते ना पण, बाबा?”

उत्तर होते. परंतु जे माझ्या सुनेने ऐकलेले नाही, ते मोबाइलच्या कव्हरांच्या दुकानात, चहाच्या ग्लासावर, उच्चारण्याची माझी इच्छा नव्हती. आता तिला सांगून झाले आहे. तिने ते ऐकून काय केले, हे तिचे आहे; ते मी लिहिणार नाही. मी केवळ उत्तर लिहितो.

हाताची शीर बंद पडली, हे खरे. मानेतून नळी घातली, हे खरे. त्या नळीने त्याला ताप येत असे, थंडी वाजत असे, आणि भेटायला आलेल्या कोणालाही तो डोळे मिटून पडलेला दिसला असता. दोन लढायांच्या मधे तो तसाच पडत असे. दोन्ही हात मोकळे होते, हेही खरे. नळी घातल्यानंतरच्या पहिल्याच दिवशी मी डावी मूठ त्याच्यापुढे धरली, आता तुझे तू खेळ म्हणालो. त्याने दोन्ही हात चादरीवर ठेवून थोडा विचार केला आणि मूठ माझ्याकडे परत सरकवली. “इतकं शिकवलंय तुम्हाला. वाया घालवू?” एवढेच तो म्हणाला. त्याचे स्वतःचे खाते अर्ध्यावर राहिले ते या कारणाने. आमचे दोघांचे पुष्कळ पुढे गेले होते. आम्ही शेवटच्या किल्ल्याच्या आत होतो.

त्या किल्ल्याच्या दाराशी एक पहारेकरी आहे. दोन तलवारी घेतलेला, फार चपळ. मुलगा एकट्याने खेळता तर त्याने त्याला मारला असता, याविषयी मला शंका नाही. माझ्या अंगठ्याने आम्ही दर वेळी हरत होतो. शेवटच्या शनिवारीही हरलो. पुन्हा उठलो, पुन्हा हरलो. मुलाच्या ओठांवर पांढरे डाग पडले होते. सिस्टरने येऊन खेळाचे यंत्र बंद करायला लावले, नळी पुसून बांधली, वजन घेतले. खालचा ठोका जेवणाच्या सुट्टीत थांबला होता, म्हणून मुलाचा आवाज बारीक असूनही मला एकेक शब्द स्वच्छ ऐकू आला. हा शब्द मी शपथेवर सांगेन आणि यावर माझी उलटतपासणी कोणीही घ्यावी. सोमवारी जो मनुष्य गेला, तो शनिवारी दुपारी, दोन्ही हात मोकळे असताना, उजवी मूठ पिशवीत ठेवत मला म्हणाला: “मंगळवारी ढाल थोडी आधी उचला, बाबा.”